विंकलरच्या बाटलीत बुडबुडा नको

गोव्यात बीएस्सी-एमएस्सीच्या मुलांना समुद्रविज्ञानाच्या प्रयोगशाळेत इंटर्नशिप मिळाली, की पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याचं काम लवकरच हाती येतं. पद्धत विंकलरची, १८८८ सालची. नव्या मुलांचं सगळं लक्ष ब्युरेटकडे, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण सोडायच्या खुणांच्या नळीकडे असतं. पण आकडा बहुधा त्याआधीच, मांडवीच्या धक्क्यावर बाटली भरताना बिघडलेला असतो.

खोल पाण्यातून वर काढलेल्या नमुन्यातून पहिली बाटली ऑक्सिजनची भरायची, क्षारतेची नंतर. नळीचं टोक १२५ मिलीच्या बाटलीच्या तळाला टेकवा आणि बाटलीच्या दुपटी-तिपटीइतकं पाणी वाहून जाऊ द्या. वरून धार सोडली की हवा मिसळलीच. मग १ मिली मँगनीज सल्फेट आणि १ मिली अल्कधर्मी आयोडाइड, दोन्ही पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून घाला. बूच लावताना बुडबुडा अडकला तर ती बाटली टाकून नवी भरा. इथे काटकसर नको! बाटली उलटसुलट हलवा, म्हणजे मँगनीजचा गाळ तयार होतो आणि पाण्यातला ऑक्सिजन त्यात अडकून तो तपकिरी होतो. गाळ निम्म्यावर बसला की पुन्हा हलवा. वेळ आणि भरती-ओहोटी तिथेच वहीत लिहा. पावसाळ्यात मांडवीत वर गोडं आणि खाली खारं पाणी असतं, म्हणून खोलीही लिहा.

प्रयोगशाळेत आम्ल घालून गाळ विरघळला, की ऑक्सिजनच्या प्रमाणात पिवळं आयोडीन सुटतं. त्यातलं ५० मिली घेऊन ०.०१ नॉर्मल (ताकदीचं माप) थायोसल्फेटने टायट्रेशन, म्हणजे रंग जाईपर्यंत ते थेंबाथेंबाने घालून किती लागलं ते मोजणं. रंग गवतासारखा फिकट पिवळा झाल्यावरच स्टार्च घाला. आधी घातलं तर आयोडीन त्याला धरून बसतं आणि निळा रंग जाता जात नाही. जुनं स्टार्च जांभळट रंग देतं. आपल्या उकाड्यात ते लवकर नासतं, ताजंच करा. थायोसल्फेटची ताकद रोज आयोडेटने तपासा. त्याचा १ मिली म्हणजे लिटरला १.६ मिलीग्रॅम ऑक्सिजन, म्हणून ब्युरेट वाचताना ०.०५ मिली चुकलं तरी ०.०८ चा फरक पडतो. रसायनांमुळे सांडलेल्या २ मिलीची दुरुस्ती विसरलात तर आणखी १.६ टक्के.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला शाळेतल्या मुलांना काही दाखवायचं असेल, तर हाच प्रयोग न्या. एका बाटलीत नळाचं पाणी, दुसरीत उकळून झाकून थंड केलेलं, आणि दोन्हीत तीच दोन रसायनं. पहिलीत गाळ तपकिरी, दुसरीत पांढुरका. मग दुसरीचं बूच काढून ठेवा. थोड्या वेळाने गाळ वरून तपकिरी होऊ लागतो, आणि बुडबुडा का नको हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. अल्कधर्मी आयोडाइड कातडी आणि डोळे भाजतं, तेव्हा पिपेट मुलांच्या हाती देऊ नका.