वाळू होडीने आली होती

मला नकाशा काढायला बोलावलं होतं, सल्ला द्यायला नव्हे. थोरल्याने फोनवरच सगळं पक्कं सांगितलं. कौलारू घर पाडायचं, मागची स्लॅबची खोली तेवढी ठेवायची, तिला जोडून पुढे तीन खोल्या काढायच्या आणि स्लॅबवर एक मजला चढवायचा. वर बजावलं, "साहेब, स्लॅबला हात लावायचा नाही. तो दणकट आहे."

ही गोष्ट फेब्रुवारी २०२२ ची. गाव दापोली तालुक्यातलं, समुद्राला लागून. थोरला डोंबिवलीहून, धाकटा पुण्याहून आलेला. त्यांच्या आईला मी काकी म्हणायचो, त्या बारा महिने गावातच.

स्लॅबवर त्या घराचा एवढा जीव का, ते चहाच्या आधीच कळलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं आणि जाता जाता दापोली-मंडणगडच्या बागाही आडव्या करून गेलं. त्या दुपारी काकी, शेजारची दोन माणसं आणि एक गाय एवढी जणं त्या दहा बाय अठराच्या खोलीत बसून होती. पुढच्या घराची कौलं पत्त्यांसारखी उडत होती. "सलाब होता म्हनून आमी हाव," काकी म्हणाल्या. यावर इंजिनिअर काय बोलणार? मी बशीतला चहा संपवला आणि कामाला लागलो.

खरं तर नकाशासाठी मोजमापं घेतली असती तरी भागलं असतं. पण मजला चढवायचा म्हटल्यावर खालचं बघणं आलंच. आणि मला एक खोड आहे, पाडायच्या घराचीसुद्धा आधी नाडी बघतो.

घर आजोबांनी बांधलेलं. मधल्या दाराच्या चौकटीवर शके १८५७ कोरलेलं होतं, म्हणजे इसवी सन १९३५. काळ्या दगडाचं जोतं, जांभ्या दगडाच्या चिऱ्याच्या दीड फुटी भिंती, ओटीवर फणसाचे चार खांब, वर ऐन आणि किंजळीचे वासे. वाडा वगैरे काही नाही, साधं शेतकरी घर. ओटी, माजघर, दोन खोल्या आणि तिन्ही बाजूंनी पडवी.

ओळंबा सोडला. पुढची भिंत आठ फुटांत सव्वा इंच बाहेर, बाकीच्या सरळ. जोत्याला कुठे खचल्याची खूण नाही. खांब तळखड्यावर, म्हणजे बुडाखालच्या दगडावर, उभे होते, त्यामुळे बुडाला मातीची ओल लागलेली नव्हती. पेचकस घेऊन एकेका खांबाचं बूड टोचून पाहिलं. तीन ठिकाणी पेचकस पाव इंचही आत गेला नाही. चौथा खांब मोरीच्या बाजूचा, तिथे मात्र मुठीपर्यंत शिरला. माळ्यावर चढलो. आढं शाबूत, तुळया शाबूत. पडवीकडची वाशांची टोकं कुजलेली होती, पण ती बहुतेक घरांत कुजतातच. पागोळ्या तिथूनच गळतात. वादळाने उडवली ती कौलं. वासे जागचे हलले नव्हते. पडवी उघडी असली की वारा खालून शिरतो आणि कौलांना पोटातून उचलतो. खालच्या दोन ओळी तारेने बांधलेल्या असत्या, तर निम्मी कौलं वाचली असती.

भिंतींना आतून ओल चढली होती, कमरेपर्यंत. त्याचं कारण चिरा नव्हता. कधीतरी मधल्या काळात आतून सिमेंटचा गिलावा करून वर ऑइल पेंट मारलेला. चिरा जमिनीतलं पाणी ओढतो आणि ते उघड्या अंगाने सुकवून टाकतो. त्याला रेनकोट घातला की पाणी आतच राहतं, वर वर चढतं आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. मग लोक म्हणतात, घर जुनं झालं.

वाळवी एकाच कोपऱ्यात सापडली, नेमकी स्लॅबच्या खोलीला लागून. स्लॅब आणि जुनी भिंत यांच्या सांध्यातून दर पावसाळ्यात पाणी झिरपत होतं आणि शेजारच्या चौकटीत जिरत होतं. इथे मला पहिल्यांदा खटकलं.

स्लॅबची खोली दिसायला झकास होती. आदल्या वर्षीच आतून पुट्टी आणि मोतिया रंग. पंख्याखाली काकींची खाट. मी शिडी लावली आणि हातोडीच्या दांड्याने छत ठोकत गेलो. चांगलं काँक्रीट खणखणतं. इथे पंख्यापासून खिडकीपर्यंतच्या पट्ट्यात रिकाम्या डब्यासारखा आवाज येत होता. "जरा फोडून बघतो," म्हटलं. थोरल्याचा चेहरा उतरला, पण धाकटा म्हणाला, बघा.

छिन्नीचे दोन घाव बसले आणि ताटाएवढा पोपडा खाली आला. खाटेवरच आला. वर सळई दिसली. १९८६ सालचं काम, म्हणजे तोरची सळई, तिला दोरीसारखा पीळ असतो. इथे पीळ उरलाच नव्हता. बोटाने खरवडलं तर गंजाची पानं सुटत होती, भाकरीचा पापुद्रा सुटतो तशी. जाडी मोजायला व्हर्नियर लावला. दहा मिलिमीटरची सळई एका जागी सातवर आली होती, दुसऱ्या जागी त्याहून खाली.

आता माझी चूक सांगतो. मी बाटलीतलं फिनॉल्फ्थॅलिन काढलं आणि फोडलेल्या जागी फवारलं. जुनं काँक्रीट हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत शोषत आपला अल्कली गुण गमावतं. मग सळईवरचं संरक्षक कवच जातं आणि ती गंजते. असं झालं असेल तर फवारा मारूनही रंग येत नाही. काँक्रीट ठीक असेल तर ते गुलाबी होतं. इथे सळईभोवती गडद गुलाबी झालं. मी चक्रावलो. क्षणभर मनात आलं की गंज या पट्ट्यापुरताच असेल, सांध्यातल्या पाण्यामुळे. तेवढं फोडून, सळया घासून, मॉर्टर भरून भागेल. तसं मी बोलूनही गेलो. थोरल्याच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "सायेब, हा पांढरा काय हाय बघा." गावातले जुने गवंडी, सत्तरीचे, कोण आलंय बघायला आले होते. पडलेला पोपडा त्यांनी उचलला होता. काँक्रीटमध्ये नखाएवढे शिंपल्याचे तुकडे होते. एक नाही, सात-आठ.

"वाळू कुठली होती?" मी विचारलं.

ते काकींकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी तवा बिगारी होतो इथं. घमेली उचलायचो. वाळू होडीनं आली होती. खाडीतली."

"धुतली होती?"

"कसली धुताय. शिंपले येचायला दोन बायका बसवल्या होत्या तेवढ्या. पानी मात्र हिरीचं होतं हो."

कोडं सुटलं. मीठ काँक्रीटमध्ये पहिल्या दिवसापासूनच होतं. मिठातल्या क्लोराइडला सळई गंजवायला अल्कली कमी व्हावी लागत नाही. काँक्रीट गुलाबीचं गुलाबी राहतं आणि आत लोखंड खाल्लं जातं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, ती मिळाली नाही की खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. आणि मीठ सगळीकडे मिसळलेलं असताना एक पट्टा दुरुस्त केला, तर त्या ठिगळाच्या कडेची सळई उलट जास्त वेगाने गंजते. दहा मिनिटांपूर्वी जे बोललो होतो, ते मला माघारी घ्यावं लागलं.

तरी खातरजमा म्हणून चार ठिकाणची भुकटी काढून प्रयोगशाळेत पाठवली. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात सळईच्या काँक्रीटसाठी क्लोराइडची मर्यादा घनमीटरला ०.६ किलो आहे. आमचे चारही आकडे दोनच्या वर आले. पण ते नंतर. त्या दुपारी गवंड्यांचं बोलणं पुरेसं होतं.

थोरला उसळला. "म्हणजे आमच्या वडिलांनी चुकीचं बांधलं?"

वडील मुंबईत गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो संपलाच नाही म्हणायचा. दोनेक वर्षं वाट बघून ते गावी आले. जे काही पैसे हाती आले होते त्यांतून ही एक खोली उभी केली. आळीतला पहिला स्लॅब. नदीची वाळू ट्रकने आणणं परवडणारं नव्हतं, खाडीची वाळू दारात येत होती. किनाऱ्यावर त्या काळात पुष्कळांनी तेच केलं. कुणी अडवलं नाही, कुणी सांगितलंही नाही. हे सगळं मी थोरल्याला सांगितलं, पण तो ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. तो म्हणाला, "वादळात टिकला तो स्लॅब." मी म्हटलं, वाऱ्याने स्लॅबची परीक्षा घेतलीच नाही. वारा हलकं उचलतो. स्लॅब जड, तो वाऱ्याने उडणार नाही. त्याची परीक्षा तुम्ही घेणार आहात, वर मजला चढवून.

इतका वेळ काकी गप्प होत्या. आता त्यांनी एकच विचारलं, "मग आज रातच्याला निजू कुठं?"

खरं म्हणजे हा प्रश्न मला आधी सुचायला हवा होता. मी शिकवणी घेत बसलो होतो आणि बाईची खाट त्या छताखाली होती. आम्ही चौघांनी खाट उचलून माजघरात नेली, त्याच कौलांखाली जी पाडायची ठरलेली होती. खोलीत बल्ल्यांचे टेकू लावून घेतले आणि दाराला कडी घातली.

रात्री हिशेब मांडला. जुनं पाडून तेवढ्याच जोत्यावर साडेबाराशे चौरस फूट नवं बांधायचं, तर चौरस फुटाला २२०० धरून साडेसत्तावीस लाख. वरचा मजला तर बाजूलाच ठेवा. घर भरतीरेषेपासून दीडशे मीटरच्या आत होतं. सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवरच्या नियमांच्या, त्या पट्ट्यात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी चालते, पण जोतं आणि चटईक्षेत्र वाढवता येत नाही. शिवाय सातबाऱ्यावर नऊ नावं, त्यांतलं एक बडोद्याला आणि अबोल्याचं. दुसरीकडे दुरुस्ती: छप्पर उतरवून वाशांची टोकं बदलणं, पट्ट्यांनी वासे भिंतीवरच्या तुळईला जखडणं, मोरीकडचा खांब, सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा, फरशी, मिळून सात लाख. आणि स्लॅबच्या जागी तेवढीच खोली नव्याने, चार लाख. एकूण अकरा. त्यावर मी एक लाख वाढवून सांगितला, कारण जुनं घर उघडल्यावर काहीतरी निघतंच.

मी जुन्याचा पुजारी नाही, हेही लिहून ठेवतो. त्याच वर्षी चिपळूणजवळ एक मातीच्या भिंतींचं घर मी हात जोडून पाडायला लावलं. जोतं एका बाजूने खचलेलं, भिंत पोटात फुगलेली. मालक पुण्याचे, त्यांना तिथे पर्यटकांसाठी "जुना लूक" हवा होता. जोतं सरळ आणि छपराचं लाकूड निरोगी असेल तर मी दुरुस्तीकडे झुकतो. दोन्ही गेलेलं असेल तर आठवणींचे फोटो काढून घ्या आणि पाडा.

थोरला महिनाभर बोलला नाही. शेवटी प्रयोगशाळेचा कागद धाकट्याने त्याला दाखवला आणि मार्चमध्ये काम सुरू झालं. स्लॅब फोडायला तीन माणसं तीन दिवस लागतील म्हणून धरली होती. पहिल्याच दिवशी दुपारी, खिडकीच्या बाजूची बल्ली काढताना, चार फुटांचा तुकडा आपणहून खाली बसला. कुणाला लागलं नाही. थोरला तिथेच उभा होता. त्याने त्यातली एक सळई उचलली, हाताने वाकवली. ती मोडली. त्यानंतर त्याने माझ्याशी फक्त कौलांविषयी वाद घातला.

उघडल्यावर निघायचं ते निघालंच. माजघरावरचं एक आडवं लाकूड भुंग्याने पोखरलेलं होतं, ते मला माळ्यावरून दिसलं नव्हतं. लाखाच्या वर चौदा हजार गेले. पाऊस लागायच्या आठ दिवस आधी शेवटचं कौल चढलं.

जुलैत काकींचा फोन. "इंजिनेर, गळतंय."

माझ्या पोटात गोळा. "कुठे?"

"वटीवर. खांबाकडं. सकाळी वानर नाचून गेलंत."

"काकी, लांब काठी आहे?"

"हाय की. पेरवाची."

"त्या जागेचं कौल खालून हळू वर ढकला. बसेल ते जागेवर."

फोन खाली ठेवल्याचा आवाज, मग काठीची खटखट, मागे पाऊस. बऱ्याच वेळाने त्या आल्या.

"बसला. आता त्याच्या बाजूचा गळतंय."