फळ्यावरची राखून ठेवलेली जागा

सुवर्णमहोत्सवाचं पत्र हातात पडलं तेव्हा मी रात्रपाळी संपवून नुकतीच नेरुळच्या घरी पोचले होते. पाकिटावर शाळेचा तोच गोल शिक्का. कपडेही न बदलता उभ्या उभ्या वाचलं. ‘शाळेविषयी दोन शब्द लिहा’ असं समितीने कळवलं आहे. पण लिहायला बसले आणि शाळा बाजूलाच राहिली, समोर बाई येऊन उभ्या राहिल्या. तेव्हा समितीने क्षमा करावी. मी बाईंविषयीच लिहिणार आहे.

शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की कोण, हे आमच्या बॅचला सांगावं लागत नाही. कळव्याहून गाडीने ठाण्याला यायच्या, जांभळी नाक्यावरून चालत. हातात कापडी पिशवी, पिशवीत वह्यांचा गठ्ठा. आम्हाला मराठी आणि इतिहास शिकवायच्या. वर्गात त्या कधी धर्माचं बोलल्या नाहीत. रविवारी उपासनेला आमच्याच ख्रिस्ती मंडळीत, चर्चमध्ये दिसायच्या, तिथे मी त्यांना ‘सलाम’ करायचे. सोमवारी शाळेत पुन्हा ‘नमस्ते बाई’. हा फरक त्यांनीच मला न सांगता शिकवला होता.

१९९०चा पावसाळा. मी दहावी ‘अ’मध्ये, धाकटा भाऊ पाचवी ‘ब’मध्ये, आपल्याच शाळेत. वडिलांची वागळे इस्टेटमधली कंपनी सात महिने बंद होती, गेटला कुलूप. आई शिवणकाम करून घर चालवत होती. जुलैत भावाला कावीळ झाली आणि नऊ दिवसांत तो गेला. दहा वर्षांचा होता. त्याचा रेनकोट पुढचे कितीतरी दिवस दारामागच्या खिळ्याला तसाच लटकत होता, कोणी काढायला हात लावला नाही.

घरी माणसांची रीघ लागली. सगळी प्रेमाने आलेली, हे आता कळतं. पण बोलायची एकच गोष्ट: देवाची इच्छा. देवाला चांगली मुलं लवकर हवी असतात. देवाने दिलं, देवाने नेलं. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, असा देव मला नको. रात्री आई प्रार्थनेला गुडघे टेकायची तेव्हा मी पाठ करून झोपायचे.

बारा दिवसांनी शाळेत आले. त्या आठवड्यात फळा लिहायची पाळी माझी होती. डाव्या कोपऱ्यात वार, दिनांक, पट, हजर. आणि वर मधोमध ‘सुविचार’. खडू आणायला कार्यालयाकडे निघाले. वाटेत पाचवी ‘ब’चा वर्ग लागतो. दार उघडं होतं. फळ्यावर लिहिलं होतं, पट ४८.

आधी ४९ होता.

कोणीतरी हजेरीपुस्तकातलं एक नाव कमी केलं होतं, इतकंच. ते कोणाला तरी करावंच लागणार होतं. पण त्या आकड्यासमोर मी जी थिजले ती शिपाईमामांनी खांद्याला धरून हलवेपर्यंत. वर्गात येऊन दिनांक लिहिला, पट लिहिला, हजर लिहिलं. ‘सुविचार’ हा शब्द लिहिला आणि त्यापुढे दोन टिंबं दिली. पुढे हात चालेना. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ लिहू? आम्ही प्रयत्न केले नव्हते का? तशीच जागेवर जाऊन बसले.

बाई आल्या. त्यांनी फळा पाहिला, मला पाहिलं आणि फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावर धडा सुरू केला. एका मुलाने हात वर केला, “बाई, सुविचार राहिलाय, मी लिहू?” बाई म्हणाल्या, “नको. ती जागा राखून ठेवली आहे.” मंगळवारी तसंच. बुधवारी मुख्याध्यापक फेरीला आले. त्यांची नजर फळ्यावरून काही सुटत नसे. त्यांनी विचारलं, हे काय? बाई शांतपणे उठून म्हणाल्या, “सर, ती जागा राखून ठेवली आहे.” सरांनी पुढे काही विचारलं नाही. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. रोज मी वार आणि दिनांक बदलत होते आणि ते दोन ठिपके, पुढची मोकळी जागा, तसंच ठेवत होते. चोपन्न मुलांच्या वर्गात पाच दिवस माझ्या दुःखाला फळ्यावर हक्काची जागा होती. आज इतक्या वर्षांनी सांगते, त्या काळात माझ्यासाठी कोणी केलेली ती सगळ्यात मोठी गोष्ट होती.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर बाई माझ्यासोबत तलावपाळीपर्यंत चालत आल्या. पाऊस थांबला होता. कठड्यापाशी उभ्या राहून त्यांनी विचारलं, “प्रार्थना करतेस?” मी नाही म्हटलं. मला वाटलं, आता समजावतील. त्या म्हणाल्या, “बायबलातलं ८८वं स्तोत्र वाच. तक्रार करणारी स्तोत्रं पुष्कळ आहेत, पण बहुतेक शेवटी वळतात, स्तुतीवर येतात. हे वळत नाही. अंधारावरच संपतं. आणि तरी ते दीडशे स्तोत्रांत आहे, कोणी काढून टाकलं नाही. तुला जे म्हणायचंय ते देवाला म्हण. गोड करून म्हणू नकोस.”

मग त्या लाजराविषयी बोलल्या. बेथानीला येशू पोचला तेव्हा लाजर कबरेत जाऊन चार दिवस झाले होते. त्याला मरणातून उठवणार हे येशूला ठाऊक होतं. तरी लाजराची बहीण मरिया रडत पायांशी आली तेव्हा त्याने तिला समजावलं नाही, देवाची इच्छा म्हणाला नाही. “तो रडला,” बाई म्हणाल्या. “योहानाच्या शुभवर्तमानात त्या रडण्यासाठी एक अख्खं वचन आहे, दोन शब्दांचं.” आणि थोडं थांबून, “देव तुझ्या भावाला घेऊन गेला असं मला कधी वाटलं नाही. देव तुझ्या आईशेजारी बसून रडतोय असं वाटतं.”

शनिवारी सकाळची शाळा. मी लवकर गेले आणि ‘सुविचार’पुढे लिहिलं: येशू रडला.

वर्गात आम्ही तिघंच ख्रिस्ती. शेजारची मैत्रीण हळूच म्हणाली, “हा सुविचार कसा?” मला उत्तर देता आलं नाही. बाईंनी त्या दिवशी वरपासून खालपर्यंत सगळा फळा वापरला, फक्त ती ओळ पुसली नाही.

मला डॉक्टर व्हायचं होतं. बारावीला गुण कमी पडले आणि पैसे तर नव्हतेच. वडिलांची कंपनी पुन्हा उघडली नाही. त्या निकालानंतर मी पहिल्यांदा बाईंच्या कळव्याच्या घरी गेले. दोन खोल्या. आतल्या खोलीत खाटेवर त्यांचे यजमान होते, अर्धांगवायूने सहा वर्षं झोपून. आम्हाला शाळेत याचा पत्ताच नव्हता! पहाटे उठून त्यांचं सगळं करायचं, शेजारणीच्या हवाली करून गाडी पकडायची, आणि आमच्यापुढे इस्त्रीच्या साडीत उभं राहायचं. मी विचारलं, “बाई, तुमची प्रार्थना ऐकली नाही ना देवाने?” त्या चहा गाळत होत्या. म्हणाल्या, “प्रेषित पौलाने प्रभूकडे तीनदा मागितलं, शरीरातला काटा काढ म्हणून. काटा निघाला नाही. कृपा पुरेल एवढंच उत्तर मिळालं. मला रोज पुरते गं. उद्याची आज मिळत नाही, पण आजची मिळते.”

त्याच दुपारी त्यांनी मला जॉर्डन नावाच्या एका धर्मबंधूची गोष्ट सांगितली. पाठ्यपुस्तकात नव्हती. आपल्या ठाण्यात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू मारले गेले: थॉमस, जेम्स, पीटर आणि दिमित्री. त्यांच्यासोबत आलेला जॉर्डन हा डोमिनिकन संघाचा, त्या वेळी वर गुजरातच्या वाटेवर होता, म्हणून वाचला. परतला तो सोबत्यांना पुरायला. सोपाऱ्यात त्यांना पुरलं आणि तो या किनाऱ्यावर एकटा राहिला. त्याची पत्रं आहेत. त्यांत आजारपण आहे, छळ आहे, एकटेपणा आहे, आणि तरी आपल्या बंधूंना तो लिहितो की इकडे या, काम पुष्कळ आहे. “चौघांची नावं संतांसारखी घेतात,” बाई म्हणाल्या. “मला मात्र मागे उरलेल्याचं वाटतं. मरण एकदाच येतं, मागे राहणं रोजचं असतं. देवाचं प्रेम काय असतं ते जॉर्डनला विचारावं.” पुढे तो कोल्लमचा बिशप झाला, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. त्यांच्या लेखी ते महत्त्वाचं नव्हतं.

मी नर्सिंगला गेले. आता २८ वर्षं झाली. कर्करोगाच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. दोनदा उत्कृष्ट परिचारिका म्हणून गौरव झाला, मुलगी फिजिओथेरपी शिकते आहे. हे अभिमानाने लिहिते, कारण यातलं मूळ भांडवल शाळेचं आहे. माझ्या वॉर्डात कोणी नातेवाइकाला ‘देवाची इच्छा’ म्हणायला लागलं की मी त्यांना हळूच बाहेर नेऊन चहा देते. आणि मी स्वतः खाटेशेजारी स्टूल ओढून बसते. पुष्कळदा बोलायला काही नसतं. तेव्हा ती जागा राखून ठेवायची.

कोविडच्या पहिल्या लाटेत आम्हाला हॉस्टेलवरच राहावं लागलं. बाई तेव्हा ऐंशीच्या पुढे, एकट्या. रोज संध्याकाळी सात वाजता त्यांचा फोन यायचा. ‘कशी आहेस’ नाही, ‘काळजी घे’ नाही. “पट किती आज? हजर किती?” मी सांगायचे. बेचाळीस, एकोणचाळीस. त्या तीन नावं विचारायच्या, आडनावं नकोत म्हणायच्या, आणि फोनवरच प्रार्थना करायच्या. एकदा मी रडून म्हटलं, बाई, मला काही आशा वाटत नाही. त्या म्हणाल्या, “वाटायची घाई नको. पौलाच्या यादीत आशा शेवटी येते. आधी संकट, मग धीर, मग कसाला लागलेलं मन, आणि मग ती. तू अजून धीरात आहेस. आणि ती लाजवत नाही, कारण ती आपल्या हिमतीवर उभी नसते. प्रेम आधीच ओतलेलं असतं आत.” मग नेहमीच्या आवाजात, “तू हजर आहेस ना? मग झालं.”

२०२१च्या मे महिन्यात बाई गेल्या. अंत्यविधीला मोजकीच माणसं होती. पाळकसाहेबांनी मला शास्त्रभाग वाचायला सांगितला. मी लाजराचाच वाचला. त्या दोन शब्दांशी आवाज गेला. पाळकसाहेब पुढचं वचन वाचायला सरसावले नाहीत, थांबून राहिले. मग मीच वाचलं.

मागच्या वर्षी मुलीला शाळा दाखवायला घेऊन आले होते. पाचवी ‘ब’ आता नाही, मराठी माध्यमाची एकच तुकडी उरली आहे. दहावीच्या वर्गात मोठा पडदा लागला आहे. चांगलंच आहे, मुलांना चित्रं दिसतात. सुविचार आता जिन्यात फ्लेक्सवर छापलेला असतो, वर्षभर तोच. त्यावर रिकामी जागा कोणी कशी ठेवणार, असं वाटून पोटात तुटलं.

सोहळ्याला मी नक्की येते आहे, पाळी बदलून घेतली आहे. समितीला एकच विनंती. दहावी ‘अ’ची खोली थोडा वेळ उघडी ठेवा. पडद्यामागे जुना फळा अजून भिंतीतच आहे, असं शिपाईमामांच्या मुलाने सांगितलं. मला काही लिहायचं नाही. फक्त पाहायचा आहे.