धाडस न लागणारी सायकल : हाउटनमधले तीन आठवडे

भाचीने घरामागच्या शेडमधून काळी, उंच हँडलची सायकल बाहेर काढली, सीट माझ्या कमरेला लावून बघितली आणि म्हणाली, "मावशी, ही तुझी, तीन आठवडे. किल्ली तेवढी सांभाळ." मी लगेच नको म्हणाले. ट्रेन आहे, बस आहे, चालायची मला सवय आहे, माझं होईल म्हटलं. तिला कारण माहीत होतं त्यामुळे तिने आग्रह नाही केला, किल्ली टेबलावर ठेवली आणि ऑफिसला गेली.

कारण असं की २०१९ च्या जूनमध्ये कोथरूडला, घरापासून दोन मिनिटांवर, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कारचं दार एकदम माझ्या पुढ्यात उघडलं. सायकलसकट पडले, उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर, मग फिजिओ. मागून बस येत नव्हती म्हणून आज हे लिहितेय. त्यानंतर माझी सायकल जिन्याखाली गेली ती गेलीच. आधी भाजी, बँक, लायब्ररी सगळं सायकलवर व्हायचं, मग त्याच कामांना स्कूटर आली, मग हळूहळू वजन वाढलं, आणि दोन वर्षांपूर्वी शुगर बॉर्डरवर आली तेव्हा डॉक्टर म्हणाले रोज पाऊण तास काहीतरी व्यायाम करा. तो पाऊण तास दिवसात कुठे बसवायचा हे मला आजतागायत जमलेलं नाही. माझ्या वयाच्या किती जणींची हीच गोष्ट आहे ते मला माहितीय, म्हणून आधी सांगितली.

तर हे हाउटन. नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट शहराला लागून असलेलं गाव, वस्ती साधारण पन्नास हजार. पहिले दोन दिवस मी चालतच फिरले. सगळ्यात आधी जाणवलं ते कानांना. रस्त्यावर माणसं आहेत, शाळा सुटलीय, बाजार भरलाय, पण ऐकू काय येतं तर सायकलच्या घंट्या, पोरांचा कलकलाट आणि बदकं. गाड्या गेल्या कुठे? जावयाने संध्याकाळी फोनवर नकाशा उघडून दाखवलं. १९६० च्या दशकापर्यंत हे काही हजार वस्तीचं खेडं होतं. उट्रेक्टची वाढती वस्ती इथे न्यायची ठरली तेव्हा रॉब डेर्क्स या नगररचनाकाराने आराखडा केला तो असा, की गावाभोवती गोल रिंगरोड, आणि गावाच्या मधून हिरवा पट्टा, त्यावर शाळा, दुकानं, स्टेशन ओवल्यासारखी. शेजारच्या आळीत गाडीने जायचं तर आधी रिंगरोडला बाहेर पडायचं, वळसा मारायचा आणि मग परत आत शिरायचं. सायकलने तेच अंतर सरळ, तीन-चार मिनिटं. गाडीवर बंदी वगैरे काही नाही, भाचीच्या दारातही एक उभी आहे, पण दूध आणायला ती काढावी असं कोणाच्या मनातच येत नाही कारण ती लांबची वाट. मला हे फार आवडलं. कोणाला उपदेश नाही, दंड नाही, फक्त जवळची वाट कोणाला द्यायची हे पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोणीतरी नीट बसून ठरवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नातू (भाचीचा मुलगा, सात वर्षांचा) शाळेला निघाला आणि मला म्हणाला, "आजी, तू माझ्या मागे ये, मी हळू चालवतो." मग मात्र मी टेबलावरची किल्ली उचलली. निघण्याआधी त्याने दोन गोष्टी शिकवल्या. या सायकलला हँडलवर ब्रेक नाही, पायडल उलटं मारलं की ब्रेक लागतो. आणि वळायच्या आधी हात दाखवायचाच, मागे कोणी नसलं तरी. शिवाय उजवीकडून चालवायचं हे मी स्वतःलाच बजावत होते. पहिली पाच मिनिटं खांदे इतके आवळून धरले होते की दुखायला लागले, कुठेही उभी कार दिसली की माझं लक्ष तिच्या दाराकडे. पण वाटेत एकही कार सायकलच्या रस्त्याला चिकटून उभी नव्हतीच. शाळेपर्यंत पोचेतो खांदे आपोआप खाली आले होते, कधी ते कळलं नाही.

त्या दिवशी वारा बराच होता. आमच्या पुढे एक आई चालली होती, तिच्या बाजूला पाच-सहा वर्षांची मुलगी तिच्या छोट्या सायकलवर. चढ आला, वारा समोरून, मुलगी मंदावली, तशी आईने स्वतःची सायकल एका हाताने धरली आणि दुसरा तळहात मुलीच्या पाठीवर ठेवला. ढकललं पण नाही फारसं, नुसता ठेवला. दोघींच्या गप्पा चालूच होत्या. दोघी शेजारी शेजारी चालवू शकतात एवढी ती वाट रुंद, म्हणून हे होऊ शकतं. नंतर पुढचे तीन आठवडे हे दृश्य मी रोज बघितलं आणि तरी रोज बघत राहिले.

शाळेबाहेर ना व्हॅन, ना हॉर्न, ना गाड्यांची तिहेरी रांग. सायकलींचे स्टँड, पुढे लाकडी पेटी असलेल्या लांब सायकलींत बसलेली बाळं, आणि पोरं आपापली कुलपं लावतायत. इथे अकरा-बारा वर्षांच्या मुलांची शाळेतून वाहतुकीची परीक्षा होते, लेखी आणि रस्त्यावर सायकल चालवून दाखवायची पण.

एका शनिवारी आम्ही सगळे उट्रेक्टला गेलो सायकलनेच, लुनेटन नावाच्या उपनगरामधून. सायकलची वाट लाल डांबराची, सलग, कुठे खड्डा नाही, कुठे अचानक संपत नाही. एक गोष्ट मी मुद्दाम उतरून, वाकून बघितली. गल्ली येऊन मिळते तिथे आपली वाट खाली उतरत नाही, लाल पट्टा त्याच पातळीवर सरळ पुढे जातो आणि गाडीलाच उंचवट्यावर चढून हळू यावं लागतं. म्हणजे स्पीडब्रेकर गाडीला, सायकलला सपाट. आपल्याकडे फुटपाथ असो की सायकल ट्रॅक, प्रत्येक गेटपाशी, प्रत्येक गल्लीपाशी तो खाली उतरतो नि परत चढतो, आणि तिथेच म्हातारी माणसं अडखळतात. जरासा उंचवटा, तो कोणाच्या वाटेत ठेवायचा एवढाच प्रश्न आहे. पुढे काही रस्ते अख्खेच लाल, तिथे पाटी असते 'आउटो टे गास्ट', म्हणजे गाडी इथे पाहुणी. येऊ द्या तिला, पण पाहुण्यासारखं हळू.

उट्रेक्ट स्टेशनखालचं सायकल पार्किंग २०१९ मध्ये पूर्ण झालं. १२,५०० सायकली मावतात, जगातलं सगळ्यात मोठं म्हणतात. तीन मजले, आणि सायकलवर बसूनच आत जायचं, उतारावरून चालवत जागेपर्यंत. कोणत्या रांगेत किती जागा रिकाम्या ते डिजिटल बोर्डवर दिसतं. वरच्या रॅकची पट्टी ओढली की खाली येते, सायकल चढवायची आणि ढकलायची, माझ्यासारखीला जमलं, जोर लागला नाही. पहिले २४ तास फुकट. तिथून जिना चढलं की स्टेशन. कितीतरी माणसं घरून सायकल, मग ट्रेन, असं रोज करतात आणि त्यामुळे ट्रेनही भरलेल्या असतात. हे मला नवं होतं, मला वाटायचं सायकल आणि मेट्रो-बस हे दोन वेगळे विषय आहेत.

स्टेशनजवळच कातराइनेसिंगल नावाचा कालवा आहे, जुन्या शहराभोवतीचा खंदक. काठावर बसून सँडविच खात होतो, खालून होड्या जात होत्या. भाचीने फोनवर जुना फोटो दाखवला, तर त्याच जागी कित्येक लेनचा मोटारींचा रस्ता! १९७० च्या दशकात हा कालवा आटवून तिथे हायवेसारखा रस्ता केला होता. तो रस्ता उखडून २०२० च्या सप्टेंबरात पाणी परत आणलं. तो फोटो बघेपर्यंत मी मनात हेच धरून होते की ही माणसं पहिल्यापासून अशीच, सपाट देश, थंड हवा, त्यांच्या रक्तातच सायकल.

तसं अजिबात नाहीये. दुसऱ्या महायुद्धानंतर इथेही पैसा आला, गाड्या आल्या, रस्ते रुंद झाले, सायकली झपाट्याने कमी झाल्या. १९७१ मध्ये नेदरलँड्समध्ये रस्त्यावर ३,३०० च्या आसपास माणसं मेली, त्यात ४०० हून जास्त लहान मुलं. मग आया, वडील, शेजारी रस्त्यावर आले. चळवळीचं नाव होतं 'स्टॉप दे किंडरमोर्ड', मुलांचे खून थांबवा. अपघात नाही म्हणाले, खून म्हणाले. १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं आणि ४ नोव्हेंबरपासून रविवारी गाड्याच बंद ठेवल्या, तेव्हा लोकांनी बऱ्याच वर्षांनी मोकळे रस्ते बघितले, पोरं हायवेवर स्केटिंग करत होती. पुढे १९७५ मध्ये सायकलस्वारांची संघटना झाली आणि मग दशकानुदशकं एकेक चौक, एकेक गल्ली बदलत गेली. रस्त्यावरचे मृत्यू आता वर्षाला सातशेच्या आसपास आहेत, गाड्या तेव्हापेक्षा कितीतरी जास्त असूनही. देशात माणसं पावणेदोन कोटींच्या वर आहेत आणि सायकली दोन कोटी तीस लाखांच्या घरात.

हे ऐकताना मला सारखे अण्णा आठवत होते. माझे वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते, सदाशिव पेठेतून रोज सायकलने जायचे यायचे. भोंगा झाला की गेटातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, मी लहानपणी एकदा बघितलाय, रस्ता दिसायचा नाही. पुणं सायकलींचं शहर होतं ते कोणाच्या हौसेने नाही, कामगार, कारकून, कॉलेजची मुलं, सगळे त्यावरच. म्युनिसिपालटीचा बिल्ला, रात्रीचा दिवा, डबलसीट दिसलं की पोलीस. अण्णा शहात्तराव्या वर्षापर्यंत सायकल चालवत होते आणि 'व्यायाम' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

आणि भाचीच्या शेजारच्या आजी, ७९ वर्षांच्या, त्याही तो शब्द वापरत नाहीत. गुडघा दुखतो, काठी घेऊन चालतात, पण सायकलवर बसल्या की काठी कॅरिअरला अडकवून बाजारात, मैत्रिणीकडे, लायब्ररीत. मी विचारलं भीती नाही वाटत? त्यांना प्रश्नच समजला नाही, भाचीने दोनदा डचमध्ये सांगितलं तेव्हा म्हणाल्या, कशाची?

इथले लोक सरासरी आठवड्याला सव्वा तासाच्या आसपास सायकल चालवतात, बस्स. उट्रेक्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये हिशेब मांडला होता की तेवढ्याने दरवर्षी साधारण ६,५०० मृत्यू टळतात आणि डच माणसाचं आयुर्मान सरासरी सहा महिन्यांनी वाढतं. ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून जास्त लोकांचा ग्लासगोच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१७ मध्ये आला, त्यात सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ४१ टक्के कमी दिसला. मला डॉक्टरांनी सांगितलेला तो पाऊण तास इथे वेगळा काढावाच लागत नाही हो, तो दूध आणि ब्रेडबरोबर घरी येतो. तीन आठवड्यांत मी एकदाही 'व्यायामाला' बाहेर पडले नाही आणि परत आल्यावर उपाशीपोटीची शुगर दोन वर्षांत पहिल्यांदा शंभरच्या खाली आली. एका माणसाच्या एका रिपोर्टवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण तो रिपोर्ट मी जपून ठेवलाय.

शेवटच्या आठवड्यात उट्रेक्टच्या पश्चिमेला एक पूल बघितला, २०१७ चा, धावपटू डाफ्ने स्किपर्स हिच्या नावाचा. मोठ्या कालव्यावरून सायकलचा रस्ता येतो आणि खाली उतरायला जागा नाही म्हणून तो चक्क शाळेच्या छपरावरून गोल फिरत बागेत उतरतो. खाली वर्ग, वर सायकली. जागा नाही हे कारण मी पुण्यात इतक्यांदा ऐकलंय की त्या छपरावर मी दोनदा वर-खाली केलं.

सगळं गोड आहे असं नाही. म्हातारी माणसं इ-बाइकवरून पडतात हा तिथे आता काळजीचा विषय आहे, आणि हेल्मेट जवळजवळ कोणीच घालत नाही ते मला शेवटपर्यंत खटकलं. पुण्यात एप्रिल-मेचं ऊन आहे, बावधन-कात्रजचे चढ आहेत, मान्य. पण शाळा सकाळी असते, भाजी संध्याकाळी आणतो, आणि मी ज्या दिवशी पडले त्या दिवशी ना ऊन होतं ना चढ.

जावई कारने विमानतळावर सोडायला निघाले तेव्हा एक गोष्ट दिसली. वाटेत थांबून उतरताना त्यांनी दार डाव्या, दाराजवळच्या हाताने उघडलं नाही, उजवा हात पलीकडून आणून उघडलं, त्यामुळे सगळं अंग वळलं आणि नजर मागे गेली, मागून सायकल येतेय का ते दिसलं. मी विचारलं, तर म्हणाले अशीच सवय आहे. मी गाडीत बसून दोनतीनदा तो हात करून बघितला. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, म्हणजे डाव्या हाताने उघडायचं. आता घरात, बिल्डिंगमध्ये, कॅबने गेले तर कॅबवाल्या दादांनासुद्धा हे दाखवते.

पुण्यानेही २०१७ मध्ये सायकलींचा सर्वंकष आराखडा मंजूर केलाय, तो वाचून काढला, त्यात चांगलं खूप आहे. सायकल जिन्याखालून काढली, ट्यूब बदलल्या, चेन नवी. सकाळी सातच्या आत चालवते, त्यानंतर अजून भीती वाटते. मग बिल्डिंगमधल्या सहा घरांनी मिळून एक ठरवलं, सगळं शहर राहू दे, मुलांच्या शाळेची गल्ली तेवढी बघू. गेल्या रविवारी टेप घेऊन गेलो. गल्लीची रुंदी साडेनऊ मीटर भरली. दोन्ही बाजूंना उभ्या गाड्या सोडल्या तर मधे चालायला जेमतेम साडेपाच. एका बाजूचं पार्किंग शाळेच्या वेळेत बंद केलं तर दोन मीटरची वाट निघते, म्हणजे आई आणि मूल शेजारी शेजारी. कागदावर आकृती काढलीय, सहा सह्या झाल्यात, शाळेच्या बाईंची सातवी घेऊन सोमवारी क्षेत्रीय कार्यालयात देऊन येणार आहोत.