वंगण संपलंय म्हणे

ऑक्टोबर छाटणीचे दिवस होते. या दिवसांत निफाड-दिंडोरीकडचा द्राक्षवाला अगदी नाइलाज झाल्याशिवाय नाशिकला दवाखान्यात येत नाही. त्यामुळे सकाळी नऊच्या ठोक्याला एक काका बायकोच्या खांद्यावर भार टाकून, उजवा पाय ओढत आत आले तेव्हाच म्हटलं, दुखणं जोरात आहे.

"मॅडम, गुडघ्यातलं वंगण संपलंय," टेबलावर बसता बसता ते म्हणाले. "एकाने तर सरळ सांगितलं, गुडघा बदलून टाका. ट्रॅक्टरसारखं ग्रीसिंग नाही का होत ह्याचं?"

मग त्यांची नजर भिंतीवरच्या पाटीकडे गेली. गर्भलिंग निदान केले जात नाही, ही 1994च्या कायद्याची पाटी प्रत्येक सोनोग्राफी सेंटरात असतेच. काका गोंधळले. सोनोग्राफी पोटाची असते, गुडघ्याची कसली? हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. एक्स-रेत हाड दिसतं, हाडाच्या टोकावरची गुळगुळीत गादी, म्हणजे कूर्चा, दिसत नाही. दोन हाडांतली फट कमी दिसली की मधली गादी झिजली असेल, असा तो अंदाज असतो. सोनोग्राफीत कूर्चा प्रत्यक्ष दिसते. सगळी नाही, ते पुढे सांगते.

काकांच्या एक्स-रेत हाडाची कड थोडी वाढलेली होती. त्या वयात ती निम्म्या गावाची असेल. युरिक अ‍ॅसिडचा रिपोर्टही आणला होता, नॉर्मल. पाठवणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांना मात्र काहीतरी खटकलं होतं. चिठ्ठीवर त्यांनी एवढंच लिहिलं होतं: पाणी? कूर्चा?

पाणी होतंच. गुडघ्याच्या वाटीच्या वर प्रोब, म्हणजे मशीनचा कातडीवर फिरवायचा भाग, ठेवला तर काळं डबकं, त्यात तरंगणारे बारीक पांढरे ठिपके. मग गुडघा जमेल तितका दुमडायला लावला. हे दुमडणं महत्त्वाचं, कारण पाय सरळ असला की मांडीच्या हाडाचा कूर्चेचा भाग वाटीखाली लपतो. दुमडला की वाटी खाली सरकते आणि पन्हाळीसारखा खोलगट आकार दिसतो. तळाशी हाडाची पांढरी रेघ, तिच्यावर काळा पट्टा. तो काळा पट्टा म्हणजे कूर्चा. निरोगी असली की नितळ काळी, दोन्ही कडा सुरीने कापल्यासारख्या. झिजायला लागली की आधी कड धूसर होते, मग पट्टा पातळ होतो, शेवटी हाड उघडं पडतं.

काकांचा पट्टा दोन-अडीच मिलिमीटर, छान जाड. वंगणवाल्यांची गोष्ट तिथेच संपली. पण पट्ट्याच्या वरच्या कडेलाही एक पांढरी रेघ होती, खालच्या हाडाच्या रेघेला समांतर. रस्त्याला दोन्हीकडून चुना मारावा तशी.

खरं सांगते, पहिल्यांदा मी तिच्यावरून पुढे गेले. प्रोब अगदी काटकोनात धरला की चांगल्या कूर्चेवरही अशी रेघ चमकते, आणि त्यात माझा गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, जास्त होता. परत आले, गेन उतरवला, प्रोब थोडा कलता केला. नुसती चमक असती तर विझली असती. ही हलली नाही. डाव्या गुडघ्यात शोधली, नव्हती. युरेटचे, म्हणजे युरिक अ‍ॅसिडचे, बारीक खडे कूर्चेच्या पृष्ठभागावर बसतात तेव्हा अशी दुहेरी रेघ दिसते. म्हणजे गाऊट, युरिक अ‍ॅसिडमुळे होणारा सांध्यांचा आजार.

"काका, दुखणं हळूहळू वाढलं की एका रात्रीत?"

"रात्रीत. पांघरुणाचा पदर सहन होईना."

"बीपीची गोळी?"

"चालू आहे. लघवीला फार पळवते."

असल्या गोळीने युरिक अ‍ॅसिड वाढू शकतं, आणि ऐन झटक्यात रक्तातलं प्रमाण नॉर्मल येऊ शकतं, म्हणून तो रिपोर्ट फसवा होता. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दुपारी सुईने पाणी काढलं. जंतुसंसर्ग नाही ना, तेही तपासलं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखे खडे सापडले.

पण मला तो दिवस लक्षात राहिला तो वेगळ्याच कारणाने. मी काकांच्या गुडघ्याचं जेल पुसत होते तेव्हा इतका वेळ गप्प उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, "मॅडम, मशीन चालूच आहे तर माझाही बघता का जरा?"

"तुला काय धाड भरलीय?" काका.

बघितला. आतल्या बाजूला काळा पट्टा जवळजवळ नव्हताच, पांढऱ्या हाडावर करडा धुरकट थर तेवढा. कडेला मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली चकती, चार मिलिमीटर बाहेर सरकलेला. आपल्याकडे कूर्चेलाही गादी म्हणतात आणि मेनिस्कसलाही. मावशींच्या दोन्ही गाद्या गेल्या होत्या. जे दिसलं तेवढंच सांगितलं. वाटीच्या मागची बाजू आणि नडगीच्या हाडाचा माथा सोनोग्राफीत दिसत नाही, हाड आवाजाला आडवं येतं. त्यासाठी एमआरआय, आणि त्याआधी उभं राहून काढलेला एक्स-रे. जास्त दुखणाऱ्याची कूर्चा जास्त झिजलेली असते असं नाही, हे शिकवलेलं होतं. एकाच टेबलावर पाठोपाठ असं पाहिलं नव्हतं.

"दुखत नाही का मावशी?"

"दुखतं ना. धार काढून उठताना म्हशीच्या पाठीला धरते." मी कागद पुढे केला, पण त्यांनी पदरानेच जेल पुसलं. "छाटणी आटपू द्या, मग येते. चैत्रात गडावर जायचंय. पायऱ्यांनीच बोलले होते देवीला."

"देवीच्या गडावर आता ट्रॉली आहे," मी म्हटलं. त्या नुसत्या हसल्या.

निघताना काकांनी सवयीने त्यांच्या खांद्यावर हात टाकला. मी म्हटलं, "काका, त्या बाजूला भिंत आहे. ती धरा."

काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बायकोच्या गुडघ्याकडे. भिंत धरली. दारापर्यंत तरी.