‘आनंद करा’ हे अनेकवचन आहे

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तसं तुम्ही बरेचदा विचारलंत, आणि दर वेळी मी ‘निवांत बोलू कधीतरी’ म्हणून वेळ मारून नेली. प्रश्न साधारण असा असतो: इतकी वर्षं उपासनेत गाणी चालवलीस, प्रार्थना करतेस, शास्त्र वाचतेस, मग नैराश्याच्या गोळ्या कशाला? प्रभूमध्ये आनंद मिळत नाही का? काही जण काळजीपोटी विचारतात, काही जण चोरी पकडल्यासारखं. चर्चबाहेरचे ओळखीचे हाच प्रश्न उलटा करतात: गोळीनेच बरं वाटतं, तर देव कशाला? देव आणि गोळी एकाच जागेसाठी भांडताहेत, असं दोन्हीकडच्यांनी धरूनच ठेवलेलं असतं.

गोळीचं आधी सांगून टाकते, कारण त्यात फार बोलण्यासारखं नाही. गोळी आनंद देत नाही. पहिले तीन-चार आठवडे मला काहीच फरक वाटला नाही. या औषधांना तेवढा वेळ लागतोच. मग एके सकाळी लक्षात आलं, की आज अंथरुणातून उठण्यासाठी स्वतःची समजूत घालावी लागली नाही. एवढंच. शास्त्राचा आधार हवा असेल तर बायबलमधलं 1 राजे, अध्याय 19 काढा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून ‘माझा प्राण घे’ म्हणतो, तेव्हा त्याला कोणी वचन ऐकवत नाही. तो झोपतो. देवदूत त्याला उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो खातो आणि पुन्हा झोपतो. पुन्हा भाकर, पुन्हा पाणी. देवाचं बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर.

आणि विश्वास कमी पडला म्हणून हे होतं, असं म्हणणाऱ्यांना एकोणिसाव्या शतकातल्या स्पर्जन या इंग्रज उपदेशकाची आठवण करून द्यावीशी वाटते. 1856 साली लंडनमध्ये त्याच्या सभेत कोणीतरी ‘आग, आग’ अशी खोटी आरोळी ठोकली, चेंगराचेंगरीत सात माणसं गेली. तो तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्यानंतरही त्याचे उपदेश ऐकायला हजारोंनी लोक येत राहिले, आणि मनाची ती काळोखी त्याच्याकडे आयुष्यभर परतून येत राहिली. तो ती लपवत नसे, व्यासपीठावरून बोलत असे. त्याच्या विश्वासाबद्दल मला कोणी शंका घेऊन दाखवावी.

असं सगळं मी फाडफाड सांगू शकते. पण सांगताना मी जेवढी ठाम दिसते तेवढी नाही. कारण तुमचा हा प्रश्न विचारण्यात एके काळी मीच सगळ्यांत पुढे होते.

आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका मावशींचा मुलगा गेला. तिसरा आठवडा असेल, मी त्यांना भेटायला गेले. त्या पलंगावर बसून त्याच्या शर्टाची घडी घालत होत्या. वरचं बटण लावायच्या, काढायच्या, पुन्हा लावायच्या. मी बायबलमधलं, प्रेषित पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र काढलं आणि चौथ्या अध्यायातलं चौथं वचन वाचलं: ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा.’ वर समजावलंही, की मुलगा प्रभूकडे आहे, आपण असं रडत राहिलो तर आपल्याला आशाच नाही असं दिसेल. ‘हो गं,’ एवढंच त्या म्हणाल्या आणि बटण लावलं. मी सेवा करून आल्याच्या समाधानात घरी परतले.

मग माझ्यावर वेळ आली. कारण विचारू नका, कारण नव्हतंच. कोणी गेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं, आणि म्हणूनच जास्त लाज वाटायची. मावशींकडे रडायला निदान मुलगा होता.

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, चार महिन्यांत मी बरीच सावरले. तेव्हा एका घरगुती प्रार्थनासभेत, जिला मी मानायचे अशा मंडळीतल्या एका बहिणीने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘ही गोळी म्हणजे प्रभूवरच्या अविश्वासाची रोजची कबुली आहे.’ त्या रात्री मी गोळ्यांची पाकिटं खणात टाकली. तिच्यावर खापर फोडून मी सुटणार नाही. तिने बोलून दाखवलं ते मी स्वतःच रोज सकाळी गोळी गिळताना मनात म्हणत होते.

चौथ्या दिवसापासून चक्कर यायला लागली. मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं, झोप उडाली. हे औषध अचानक तोडल्याचे परिणाम आहेत, डॉक्टर ते टप्प्याटप्प्याने कमी करतात, हे नंतर समजलं. तेव्हा मी याला परीक्षा समजले आणि आणखी नेटाने प्रार्थना केली. दोन आठवड्यांत झटके थांबले. देवाने मला बरं केलं, अशी मंडळीसमोर साक्ष द्यायची मी तयारी करत होते. आणि मग ते जुनं परत आलं, पहिल्यापेक्षा खोल.

पाचव्या आठवड्यातला रविवार. पहिलंच गीत स्तुतीचं, मी शेकडो वेळा गायलेलं. कीबोर्डवर सूर मिळाला, मी हात वर केला, मंडळी उभी राहिली, आणि माझ्या तोंडून काही आलं नाही. शब्द पाठ होते. घसा ठीक होता. पहिल्या ओळीत दुसरा शब्द ‘आनंद’ होता. खोटी सही करताना हात अडावा तशी माझी जीभ त्या शब्दावर अडली. कीबोर्डवरच्या मुलाने सुरुवातीची धून पुन्हा वाजवली. माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्यांदा वाजवली. मी माईक स्टँडमध्ये ठेवायला गेले, तो नीट बसला नाही, खाली पडला, आणि तो आवाज सगळ्या सभागृहात घुमला. मी व्यासपीठाच्या पायरीवर बसले. उठून बाहेर जायचं होतं, पण पायांत बळ नव्हतं.

मग मागच्या बाकांवरून कोणीतरी गायला लागलं. फार खालच्या पट्टीत, सुराला सोडून. आवाज मी लगेच ओळखला, कारण तो मी वर्षानुवर्षं टाळत आले होते. गायकवृंदात येऊ का असं मावशींनी एकदा विचारलं होतं, आणि मी गोड बोलून त्यांना वाटेला लावलं होतं. त्या एकट्याच दोन ओळी गायल्या. मग आणखी चार-पाच जण, कडवं संपेपर्यंत सगळी मंडळी. कीबोर्डवरच्या मुलाने धडपडत त्यांची पट्टी शोधली. चार कडवी झाली. उपासनेतला आनंद माझ्या हाताच्या इशाऱ्यावर सुरू होतो, असं मी इतकी वर्षं मानत होते; कबूल केलं नसतं, पण मानत होते. त्या दिवशी मी खाली पायरीवर होते, आणि ते गाणं माझ्यासाठी न थांबता माझ्या डोक्यावरून पुढे चाललं होतं.

उपासना संपल्यावर लोक आले. कोणी पाठीवर हात ठेवला, कोणी हा सैतानाचा हल्ला असल्याचं सांगितलं. मावशी सगळे जाईपर्यंत थांबल्या, मग येऊन त्याच पायरीवर माझ्याशेजारी बसल्या आणि त्यांनी 88वं स्तोत्र काढलं. अठराच्या अठरा वचनं वाचली, बोट ओळीखाली सरकवत, सावकाश. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे वळण घेतात: रडत सुरू होतात आणि ‘तरी मी तुझी स्तुती करीन’वर येतात. हे येत नाही. मूळ इब्रीत त्याचा शेवटचा शब्द ‘अंधार’ हा आहे. आणि ते नाव लावून दिलंय ते गायकांच्या घराण्याला, कोरहाच्या मुलांना. म्हणजे उपासनेत गाण्यासाठीच ते होतं. वाचून झाल्यावर मावशींनी पुस्तक मिटलं. मी वाट पाहत होते, आता त्या काहीतरी जोडतील. त्यांनी काहीही जोडलं नाही.

बऱ्याच वेळाने म्हणाल्या, ‘गोळ्या बंद केल्यास ना?’

‘हो.’

‘उद्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येते.’

मी म्हणाले, ‘मावशी, त्या वेळी मी तुमच्याकडे येऊन जे वचन वाचलं...’

‘राग आला होता,’ त्या म्हणाल्या. ‘अजून आहे थोडा. ऊठ आता.’

त्यानंतर मी ते वचन पुन्हा काढून बसले. आपल्या बोलण्यात आनंद होतो, आनंद वाटतो. शास्त्रात मात्र आनंद ‘करा’ आहे. या ‘करा’चा मी धाक करून ठेवला होता, मावशींना आणि नंतर स्वतःलाही. आणि मराठीत ‘करा’ म्हटलं की ते एकाला आदराने म्हटलंय की पुष्कळांना, हे कळत नाही. मी ते नेहमी एकेकट्याला बजावल्यासारखं वाचलं. मूळ ग्रीकमध्ये ते अनेकवचन आहे. पत्र लिहिलंय ते फिलिप्पैमधल्या सगळ्या पवित्र जनांना, अध्यक्ष आणि सेवक यांच्यासकट. मंडळीने मिळून करायची ती गोष्ट आहे. एकीचा आवाज गेला तर दुसरीने उचलायची. नहेम्याच्या आठव्या अध्यायात ‘परमेश्वराविषयीचा आनंद’ हे आपलं लाडकं वचन येतं, तिथेही लोक रडताहेत, आणि त्यांना सांगितलं जातं: जा, खा, प्या, आणि ज्याच्याकडे काही तयार नाही त्याला वाटा पाठवा. ज्याच्याकडे काही तयार नाही, तो माणूस मी होते. मला तो वाटा खालच्या पट्टीतून आला.

शिवाय पौल हे बेड्यांत असताना लिहितो, हे आपण उपदेशात हमखास सांगतो. पण त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो एपफ्रदीतबद्दल लिहितो, की तो मरणाला टेकला होता, देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. ‘सर्वदा आनंद करा’ लिहिणाऱ्याच्या पदरी आधीच एक दुःख होतं आणि त्याला दुसऱ्याची भीती होती. हे मी मावशींना का वाचून दाखवलं नाही? पान तर जवळजवळ तेच होतं.

पण पूर्वीची मी अजून गप्प बसत नाही. ती म्हणते, तू पट्टी खाली आणलीस. आनंद हे आत्म्याचं फळ आहे, गलतीकरांस पत्रात स्पष्ट लिहिलंय. झाडाला फळच दिसत नसेल तर झाडाचं काय समजायचं? मी तिला पहिलं स्तोत्र दाखवते: ते झाड आपल्या हंगामी फळ देतं, बारा महिने नव्हे. ती त्याच वचनाचा पुढचा भाग दाखवते: त्याची पानंही कोमेजत नाहीत. माझी तर कोमेजली होती. यावर माझ्याकडे उत्तर नाही. ती आणखी विचारते, मग मी व्यासपीठावर डोळे मिटून गायचे तेव्हाचा आनंद खोटा होता का? नाही म्हणवत नाही, हो म्हणवत नाही. त्यात देव होता. त्यात माझा चांगला आवाज होता, आणि तो ऐकणारी माणसंही होती. कुठे काय संपत होतं, हे मला आजही वेगळं करता येत नाही. हल्ली कधी बरं वाटलं की हा देव की गोळी, तेही सांगता येत नाही. तुम्हाला तेवढंच नेमकं हवं असतं, मला ठाऊक आहे.

एका गोष्टीने मात्र धरून ठेवलंय. लूकच्या पंधराव्या अध्यायात हरवलेलं मेंढरू सापडतं. मेंढपाळ आनंदाने ते खांद्यावर घेतो, घरी येऊन मित्रांना बोलावतो, ‘माझ्याबरोबर आनंद करा’ म्हणतो. मेंढराला काय वाटलं, ते लूक लिहीत नाही. ते दमलेलं असेल, घाबरलेलंही असेल. आनंद मेंढपाळाचा आहे आणि मेंढरू त्याच्या खांद्यावर आहे. देवामध्ये आनंद म्हणजे मी देवाबद्दल काहीतरी वाटून घ्यायचं, असं मी समजत आले होते. देवाला माझ्याबद्दल आनंद वाटतो, ही बाजू मी गाण्यांत गायले होते, पण तिच्यावर कधी टेकले नव्हते. सफन्याच्या तिसऱ्या अध्यायात तर देव स्वतः गातो, आपल्या लोकांवरून. ते वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. त्याला आनंद म्हणायचं की नाही, तुम्ही ठरवा. मला रडू येत होतं आणि उठावंसं वाटत नव्हतं.

पुन्हा व्यासपीठावर कधी जाणार, हेही तुम्ही विचारता. माहीत नाही. सध्या मी मागच्या बाकावर मावशींच्या शेजारी बसते. गेल्या रविवारी दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर माझ्या लक्षात आलं, की मी गातेय. कधी सुरू केलं ते कळलं नव्हतं. लक्षात आल्याबरोबर आवाज अडखळला आणि थांबला. मावशींनी वळून पाहिलं नाही. त्या गात राहिल्या.