गाडी न घेता फ्रांश-कोंते: मीठ, काँक्रीट आणि रेल्वेचं वेळापत्रक

रोंशांला, म्हणजे ल कोर्ब्युझिए या वास्तुविशारदाचं चॅपल जिथे आहे त्या गावाला, जायचं म्हटलं की जो तो एकच सल्ला देतो: गाडी भाड्याने घ्या. पॅरिसमध्ये नोकरी करणाऱ्या भाच्यानेही तोच दिला. परक्या देशात रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी हाकायचा मला धीर नाही, आणि साठी उलटल्यावर तो आणायची हौसही नाही. म्हणून पूर्व फ्रान्सचा फ्रांश-कोंते हा प्रांत आम्ही दोघांनी रेल्वेने आणि पायी पाहिला. मी सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. बायको शाळेत चित्रकला शिकवायची. त्यामुळे मी स्लॅब बघतो आणि ती खिडक्या.

व्हिसाबद्दल थोडक्यात. शेंगेनचा अर्ज निघायच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. प्रवासाच्या आराखड्यात मी बेझांसाँ, आर्क-ए-सनां, बेल्फोर, रोंशां अशी नावं लिहिली होती. कागद तपासणाऱ्या मुलीने विचारलं, "काका, पॅरिसमध्ये फक्त दोनच रात्री?" मी हॉटेलांची बुकिंगं पुढे सरकवली. आराखडा आणि बुकिंग यांतली तारीख न् तारीख जुळत होती, मग तिने आणखी काही विचारलं नाही.

पॅरिसच्या गार द लियों स्टेशनातून बेझांसाँच्या टीजीव्ही, म्हणजे अतिवेगवान गाड्यांच्या, स्टेशनापर्यंत दोन तासांच्या थोडं वर लागतं. ते स्टेशन गावाबाहेर आहे. तिथून लहान गाडी शहरातल्या व्हियोत स्टेशनावर नेते. टीजीव्हीचं तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. टीईआर या प्रादेशिक गाड्यांना मात्र आरक्षण नसतं, चढायचं आणि जागा मिळेल तिथे बसायचं. भाच्याने फोनवर रेल्वेचं अ‍ॅप टाकून दिलं होतं. रोज रात्री जेवण झालं की दुसऱ्या दिवसाच्या गाड्या पाहायच्या, हा आमचा नेम झाला. त्यात एक पथ्य पाळलं: आधी परतीची गाडी ठरवायची, मग जायची. लहान स्टेशनांवर दिवसाला मोजक्याच गाड्या थांबतात, रविवारी त्याहून कमी.

बेझांसाँ शहर दू नदीच्या वळणात वसलंय. वळणाचं तोंड जिथे आवळतं तिथे डोंगरावर व्होबानचा किल्ला आहे. चौदाव्या लुईच्या या दुर्गबांधणीकाराचे बारा किल्ले २००८ साली जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतला हा एक. चढ खडा आहे, पण सह्याद्रीतले गड चढलेल्यांना जड जाऊ नये. मला किल्ल्यापेक्षा खालच्या गावाचा दगड जास्त आवडला. शाय्यूझचा चुनखडी दगड: एकाच चिऱ्यात अर्धा भाग निळसर राखाडी, अर्धा पिवळट. गल्लोगल्ली त्याच दगडाच्या भिंती, आणि एकसारखे दोन चिरे शोधून सापडत नाहीत. नदीकाठी केंगो कुमा या जपानी वास्तुविशारदाची २०१३ सालची सिते देझार आहे, म्हणजे संगीत विद्यालय आणि समकालीन कलेचं संग्रहालय एकाच लांबलचक छपराखाली. लाकडी चौकटींतून खाली झिरपणारा उजेड सुरेख आहे. पण उघड्यावरचं लाकूड पाहिलं की देखभालीचा खर्च कोण करतं, हेच आधी माझ्या मनात येतं.

आर्क-ए-सनांला बेझांसाँहून टीईआरने अर्धा-पाऊण तास लागतो, आणि स्टेशनातून बाहेर पडलं की मिठाचा शाही कारखाना समोरच. क्लोद-निकोला लदू या वास्तुविशारदाने तो १७७५ ते १७७९ या काळात बांधला. मिठाचा कारखाना म्हणजे समुद्र, असं आपल्याला वाटतं. इथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. खारं पाणी मिळायचं साल्याँ गावात, जमिनीखाली. ते उकळायला लाकूड लागे आणि साल्याँच्या आसपासचं जंगल तोडून तोडून विरळ झालेलं. मग जंगल पाण्याकडे आणण्याऐवजी पाणीच जंगलाकडे न्यायचं ठरलं. झाडांचे ओंडके आतून पोखरून त्यांची २१ किलोमीटर नळवाहिनी टाकली आणि शो नावाच्या मोठ्या जंगलाला लागून कारखाना उभारला. लाकडी नळ म्हटल्यावर गळती आलीच. ठरवलेलं उत्पादन कधी निघालंच नाही.

इमारती अर्धवर्तुळात मांडल्यात आणि मधोमध संचालकाचं घर. त्याचे खांब पाहताना मी बराच वेळ उभा राहिलो: एक दगड गोल, त्यावर एक चौकोनी, पुन्हा गोल, असे एकावर एक रचलेले. ऊन फिरलं की चौकोनी दगडांच्या सावल्या गोल दगडांवर दात पाडतात. भिंतींत जागोजाग दगडी कुंभ कोरलेत, कळशी लवंडावी तसे आडवे, आणि त्यांच्या तोंडातून दाट खारं पाणी ओघळतंय, तेही दगडाचंच. बायकोने वही काढली आणि एका कुंभापुढे ठाण मांडलं.

घराच्या त्रिकोणी कपाळावर गोल खिडकी आहे, साऱ्या आवारावर डोळा ठेवून असलेली. कामगार आतच राहायचे, एकुलत्या एका दरवाजावर पहारा, कारण मीठ म्हणजे राजाचा महसूल. गाबेल नावाच्या मीठ-करावर फ्रेंच जनता किती चिडून होती ते वाचताना मला १९३० सालचा आमच्या शिरोड्याचा सत्याग्रह आठवला. पुढे १९४१ ते १९४३ या काळात याच भिंतींआड रोमा या भटक्या समाजातल्या कुटुंबांना डांबून ठेवलं होतं. लदूने कल्पिलेल्या आदर्श नगराचे नमुने तिथल्या संग्रहालयात कौतुकाने मांडलेत आणि ते देखणेही आहेत. मला मात्र ती भूमिती पाहताना पहाऱ्याचाच हिशेब दिसत राहिला.

रोंशांसाठी मुक्काम बेल्फोरला हलवला. बेझांसाँहून तिथवर रेल्वेने तासाभराहून थोडं अधिक. बेल्फोरहून रोंशां जवळच आहे, पण गाड्यांचं गणित तिथेच खरं अवघड. आठवड्याच्या मधला दिवस निवडला, कोरडा खाऊ आणि पाणी बरोबर घेतलं. रोंशां हे जुनं कोळशाच्या खाणीचं गाव. स्टेशनापासून टेकडीचा माथा दीड-दोन किलोमीटर, सगळा चढ, दोन्ही बाजूंना झाडी. गाडीवाले थेट वरच्या तळावर उतरतात. चालणाऱ्याला मधूनच झाडांच्या वर पांढऱ्या बुरुजाची कड दिसते, पुन्हा लपते. ही यात्रेची टेकडी आहे. शतकानुशतकं लोक इथे चढूनच आले.

वरचं जुनं चर्च १९४४च्या लढाईत कोसळलं. नवं बांधण्यासाठी बेझांसाँच्या धर्मप्रांताच्या कलासमितीने ल कोर्ब्युझिएला गाठलं. आधी तो नाही म्हणाला, मग टेकडी पाहिली आणि तयार झाला. १९५५ साली चॅपल उघडलं, म्हणजे चंदीगढचं कामही तेव्हा चालूच होतं. २०१६ साली त्याच्या १७ कामांना एकत्र जागतिक वारसा ठरवलं गेलं, त्यात ही दोन्ही आहेत.

आता माझ्या धंद्याचं. वर सामान न्यायला धड रस्ता नव्हता, म्हणून सिमेंट आणि वाळू हाच सोयीचा माल. पडलेल्या चर्चचे दगड भिंतींत भरले, वरून गनाइट, म्हणजे दाबाने फवारलेलं सिमेंट-वाळूचं मिश्रण, मारलं आणि चुना दिला. जवळून पाहा, गिलावा मुद्दाम खरबरीत ठेवलाय. छप्पर म्हणजे काँक्रीटचे दोन पातळ पडदे, प्रत्येकी ६ सेंटीमीटर जाड, मधे २.२६ मीटर पोकळी. कल्पना खेकड्याच्या कवचावरून सुचलेली. एवढं अवजड दिसणारं छप्पर भिंतीवर टेकलेलंच नाही. भिंतीत लपवलेल्या खांबांवर ते उभं आहे, आणि भिंतीचा माथा व छप्पर यांच्यामधे काही सेंटीमीटरची फट आहे. आतून पाहिलं की त्या फटीतून उजेडाची रेघ धावते.

छपराचा उतार पश्चिमेकडे. सगळं पावसाचं पाणी दोन नळ्यांच्या एका पन्हाळीतून खालच्या हौदात पडतं, कारण टेकडीवर पाण्याची वानवा होती. कोकणात गळके स्लॅब दुरुस्त करण्यात माझी नोकरी गेली. अख्ख्या छपराला पाणी काढायला एकच वाट ठेवायची माझी छाती झाली नसती.

आत जमीन टेकडीच्या उतारानेच वेदीकडे उतरत जाते. दक्षिणेच्या जाड भिंतीत लहानमोठ्या खोल खिडक्या आहेत, आणि काचांवर ल कोर्ब्युझिएने स्वतःच्या हाताने पक्षी, पानं, चंद्राचा चेहरा आणि मेरीच्या प्रार्थनेतले शब्द रंगवलेत. बायको तिथून हलेना. मीच दोनदा घड्याळ दाखवलं. खाली दाराजवळ आणि टेकडीच्या पोटात रेंझो पियानो या वास्तुविशारदाचं २०११ सालचं बांधकाम आहे, त्यातच साध्वींचा मठ. त्यावरून तेव्हा मोठा वाद पेटला होता. मला ते खटकलं नाही. माथ्यावरून ते जवळजवळ दिसतच नाही.

परतीची गाडी वेळेत मिळाली. मग हाताशी राहिलेल्या सकाळी बेल्फोरजवळच्या मोंबेलियार गावाहून बसने ओदँकूरला गेलो. पर्यटकांच्या याद्यांत हे गाव सहसा नसतं. वास्तुविशारद मोरिस नोव्हारिनाचं तिथलं साक्रे-कर चर्च १९५१ सालचं, उभारणीला कारखान्यातल्या कामगारांचे हात लागलेले. चित्रकार फेर्नां लेजेच्या १७ खिडक्या भिंतीच्या वरच्या अंगाने पट्ट्यासारख्या सलग फिरतात: रंगीत काचांचे जाड तुकडे थेट काँक्रीटमधे बसवलेले. इथे आमची कामं एकत्र आली, तिची काच आणि माझं काँक्रीट. इतक्या वर्षांत तडे कसे नाहीत, हे मी चष्मा पुसून पुसून पाहत होतो. बायको म्हणाली, "अहो, रोंशांपेक्षा हेच सरस." मला ते मुळीच पटलेलं नाही, आणि मोंबेलियारची बस येईपर्यंत थांब्यावर आमची तीच हुज्जत चालली.