उलटी बाजू

नवरात्र संपून दिवाळीची गडबड सुरू झाली होती. आमचं दुकान म्हणजे इंदूरला लोकमान्यनगरातल्या घराची पुढची खोली, दोन शिलाई मशीन आणि मी. त्या दुपारी बाघहून छपाईवाले चाचा माल घेऊन आले. बाघ धार जिल्ह्यात, इथून दीडशेएक किलोमीटर. चाचा बसने येतात, चहा घेतात, हिशेब करून निघतात. त्या दिवशी मात्र चहा पिता पिता टेबलावरच्या दुसऱ्याच गठ्ठ्याकडे बघत बसले. मग त्यातली एक ओढणी उचलून उलटी केली.

"दीदी, ये किधर से लाए?"

मागची बाजू जवळजवळ पांढरी! बाघचं कापड असं नसतं. ते आधी मीठ, एरंडेल आणि बकरीच्या लेंड्यांच्या पाण्यात मुरतं, मग हिरड्यात बुडतं, मग त्यावर ठसे पडतात. काळ्यासाठी लोखंडाचा गंज, लालसाठी तुरटी, दोन्ही चिंचोक्याच्या खळीत. नदीत धुऊन तांब्याच्या कढईत अलिझरिन नावाचा रंग आणि धावडीच्या फुलांबरोबर उकळलं की तेव्हा कुठे लाल उमलतो. असा रंग मागेही उतरतो. शिवाय हाताने ठसा मारताना जोड कुठेतरी केसभर सरकतोच. चाचांनी वेलींवर एकेक करून बोट ठेवलं. बारा वेली, बाराही हुबेहूब. स्क्रीन प्रिंट.

घाऊक व्यापाऱ्याने फसवलं, हे खरं. पण चाचांची ओढणी 800 ला पडते आणि तो 380 सांगत होता, तेव्हा मी एकही घडी उलटून बघितली नव्हती. उलटली असती तर मला कळलंच असतं. बहुधा म्हणूनच उलटली नाही.

चाळीसपैकी तेवीस विकल्या होत्या, 1150 ला, 'बाघ, हँडब्लॉक' अशी चिठ्ठी लावून. चिठ्ठी माझ्याच अक्षरातली. व्यापाऱ्याने फोनवर हात वर केले. घरात सासूबाई म्हणाल्या, "सणाच्या तोंडावर कशाला? कुणी तक्रार केली आहे का?" कुणीच केली नव्हती, आणि तेच जास्त लागलं.

संध्याकाळी बिलबुक काढून बसले. सतरा जणींचे नंबर होते. सहा ओढण्या प्रदर्शनातल्या स्टॉलवर रोखीने गेल्या होत्या, त्यांचा पत्ताच नाही. त्यांच्यासाठी दारावर पाटी लावली, व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवलं. अजून एकीही आलेली नाही.

पहिल्या फोनला आवाज फुटेना. नंतर सवय झाली. नऊजणींनी पैसे परत घेतले, पाचजणींनी ओढणी ठेवून 600 रुपये, तिघी "राहू दे गं" म्हणाल्या. एकीने तर "मग तुझ्याकडच्या साड्या तरी खऱ्या आहेत का?" असं विचारलं. गेल्या वर्षी नेलेली साडी घेऊन ये, मी तुझ्यासमोर उलटून दाखवते, एवढंच तिला म्हणू शकले.

रामबागेतल्या काकू पैशांचं ऐकूनच घेईनात. "मी सुनेला हातचं काम, हातचं काम म्हणून कौतुकाने दिलीय. आता तूच येऊन सांग तिला."

गेले. सुनेने ओढणी आणली, माझं सगळं ऐकून घेतलं आणि दाराकडे नजर टाकून हळूच म्हणाली, "मला कळलं होतं हो ताई. माझं माहेर मनावर गावचं, बाघच्या अलीकडचं. पण आई एवढ्या हौसेने देत होत्या, काय बोलणार?"

तेवढ्यात काकू चिवड्याची बशी घेऊन बाहेर आल्या. "सांगितलंस का तिला?"

"हो," मी म्हटलं. सून बशीतले शेंगदाणे वेचत होती.

उरलेल्या सतरा ओढण्यांवर आता 'स्क्रीन प्रिंट, 450' असं लिहिलंय. चार गेल्या.